हंबरड्याचा पुरावा

कोशाच्या कचेरीत 'ह' लागला तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. 'अ'पासून निघालेलं हे काम इतक्या सावकाशीने चाललं होतं की 'क'मध्ये नोकरीला लागलेली माणसं 'प'मध्ये निवृत्त झाली आणि 'म'च्या आसपास वारली. मंडळाचे अध्यक्ष बदलले, छताचे पंखे बदलले, टेबलं मात्र तीच राहिली आणि व्युत्पत्ती विभागही तोच राहिला. व्युत्पत्ती विभाग म्हणजे खिडकीजवळचं एक टेबल, एक खुर्ची आणि त्या खुर्चीत भाऊ.

भाऊ हे त्यांचं कचेरीतलं नाव. त्यांची थोरली बहीण रोज दुपारी फोन करून 'भाऊ जेवला का?' एवढंच विचारी, आणि फोन कोणीही उचललेला असो, उत्तर मिळेपर्यंत ठेवत नसे. त्यामुळे शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांचे ते भाऊ झाले. पाठीमागे मात्र मुद्रितशोधक मंडळी त्यांना 'मूळव्याध' म्हणत. कुठलाही शब्द दिसला की याला त्याचं मूळ शोधायचा त्रास सुरू होतो आणि मग हा धड बसू देत नाही की उठू देत नाही, असं त्यांचं निदान होतं.

त्रासाचं एक कारण होतं कानाचा नियम. तरुणपणी अंगात रग होती तेव्हा भाऊंनीच तो मंडळाकडून मंजूर करून घेतला होता. आवाज दाखवणारा कुठलाही शब्द कोशात घ्यायचा तर तो आवाज अलीकडच्या काळात संपादक वर्गातल्या कोणीतरी स्वतःच्या कानांनी ऐकलेला हवा. पुस्तकात वाचलेलं चालणार नाही, शेजाऱ्याने ऐकलेलं चालणार नाही. कोणीच ऐकलेला नसेल तर शब्दापुढे 'लुप्त' असा शेरा पडायचा. या नियमाच्या जोरावर भाऊंनी भलेभले शब्द मातीत घातले होते. चाबकाच्या 'सटकाऱ्या'साठी एक सहकारी आठवडाभर विनवण्या करत होता. भाऊंनी त्याला शांतपणे विचारलं, "शेवटचा सटकारा कधी ऐकलात?" तो म्हणाला, "माझ्या वडिलांनी खाल्ला होता." भाऊ म्हणाले, "म्हणजे खाल्लेला आहे, ऐकलेला नाही," आणि शेरा मारून मोकळे झाले.

असा हा नियम एक दिवस घरच्यालाच चावला. शब्द होता 'हंबरडा'.

हंबरड्यावर भाऊंचा जीव होता. बाकी हजारो शब्दांची मुळं त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं चाळून लिहिली होती, हे एक त्यांनी स्वतः शोधलं होतं. गाय हंबा करते, म्हणून ती हंबरते, आणि वासरू तिच्यापासून तोडलं की ती जे काही करते तो हंबरडा. माणसांनी तो तिच्याकडून उचलला. विशीत असताना त्यांनी यावर एक लेख लिहिला होता, तो तीन माणसांनी वाचला, पैकी एक त्यांची बहीण. निवृत्त होण्याआधी हे मूळ कोशात छापून यावं, याखेरीज त्यांना आयुष्याकडून फारसं काही नको होतं.

पण प्रधान संपादकांनी याच शब्दावर आधीच एक व्याख्यान देऊन ठेवलं होतं. प्रधान संपादकांना व्याख्यानाला बोलावत, आणि नाही बोलावलं तरी ते देत. त्यात त्यांनी सांगितलं होतं की हंबरड्याच्या पोटात 'अंबर' आहे, जो अंबर फाडतो तो हंबरडा. सभागृहात टाळ्या पडल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले होते. टाळ्या पडल्या म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध झाली आणि डोळे पुसले म्हणजे तिच्यावर शिक्कामोर्तब झालं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

"आणि तो सुरुवातीचा 'ह' कुठून आला?" भाऊंनी बैठकीत विचारलं.

"दुःखातून," प्रधान संपादक म्हणाले. "माणूस आधी धाप टाकतो."

"गाय टाकत नाही. तिला 'ह' आपसूक येतो."

"भाऊ, शोकाने वेडापिसा झालेला माणूस, आणि तुम्ही त्याला नेऊन गोठ्यात बांधताय. जरा मान ठेवा दुःखाचा." मग चष्मा काढून पुसत त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "बरं, तुमचाच नियम आहे म्हणून विचारतो. शेवटचा हंबरडा कधी ऐकलात?"

मुद्रितशोधक मंडळींनी माना खाली घातल्या, हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

"मग शब्द लुप्त," प्रधान संपादक म्हणाले. "आणि लुप्त शब्दांचं मूळ माझ्या सहीने जातं, हेही तुम्हाला माहीतच आहे. शेवटचे फर्मे छापखान्यात जायला अजून अवकाश आहे. तोवर ऐकून आलात तर माझी हरकत नाही. मी काही अन्याय करणारा माणूस नाही."

अन्याय न करणारी माणसं हे वाक्य फार वेळा बोलतात. भाऊंनी ते मनाला लावून घेतलं आणि हंबरड्याच्या शोधात निघाले.

शोधायचा तर जिथे माणसं मरतात तिथेच शोधायला हवा. रोज सकाळी वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान उघडायचं, त्यातला जवळचा पत्ता निवडायचा, पांढरा सदरा घालायचा आणि तिथे जाऊन भिंतीलगत उभं राहायचं. उभं राहायची त्यांची एक तऱ्हा होती. लहानपणी कान फुटून डावा जवळजवळ गेला होता, म्हणून ऐकायचं असलं की ते मान वाकडी करून उजवा कान पुढे काढत, डोळे अर्धे मिटत आणि तोंड जरासं उघडं ठेवत. रस्त्यात कोणी नवा शब्द बोललं तरी हीच मुद्रा. शोकाकुल मंडळींना ती भक्तीची वाटे.

पहिल्यांदा ते एका बड्या बांधकामवाल्याच्या घरी गेले. तिथे खुर्च्या मांडलेल्या होत्या, ध्वनिक्षेपक होता आणि आता कोणी बोलायचं ते सांगायला एक भाड्याचा निवेदक होता. थोरला मुलगा म्हणाला, बाबा माझे बाबा नव्हते, मित्र होते. धाकटा म्हणाला, बाबा माझेही मित्रच होते. मुलीला रडू फुटलं तेव्हा फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा इकडे वळून." ती वळली आणि रडू गेलं. त्या दिवशी भाऊंच्या पदरात एक मुसमुस आणि दोन हुंदके पडले, तेही ध्वनिक्षेपकामुळे मोठे झालेले.

मग एक दुकानदार झाला. जन्मभर वजनकाट्यावर अंगठा ठेवून माल विकणाऱ्या त्या माणसाबद्दल सगळे म्हणत होते, काय सचोटीचा माणूस होता. मेल्या म्हशीला मणभर दूध, हे भाऊंना माहीत होतं, पण इथे शेजारीपाजारी चरव्या घेऊनच उभे होते. रडलं कोणीच नाही. "चांगलं मरण आलं," असं एकमेकांना सांगून लोक आपापल्या गाड्यांकडे गेले.

एका वकिलाच्या घरी मात्र बायकोने असा काही गळा काढला की भाऊंचे डोळे लकाकले. ते गर्दीतून पुढे सरकले, कान काढला. पण बाईंच्या रडण्यात शब्द होते, आणि शब्दही कसे, तर समुद्राकडचा फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, धाकट्या दिराने कुठे सही केली आणि कुठे करायची राहिली. हा विलाप, भाऊंनी मनाशी नोंदलं. विलापाला शब्द लागतात, हंबरड्यात शब्द नसतात. तेवढ्यात धाकट्या दिराने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आपण कोण?"

"मी नुसता ऐकायला आलोय," भाऊ खरं ते बोलले.

"मृत्युपत्र ऐकायला?" दीर म्हणाला, आणि पुढच्या मिनिटाला भाऊ रस्त्यावर होते. एक चप्पल आत राहिली ती राहिलीच.

रस्त्यावर शववाहिका उभी होती. ड्रायव्हर दाराला टेकून चहा पीत होता. त्याने एका चपलेवरच्या भाऊंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"साहेब, तुम्ही परवा पण होता. एवढी माणसं कशी मरतात तुमची?"

"माझी नाहीत. मी एक आवाज शोधतोय. हंबरडा."

"आता नाही हो मिळत," ड्रायव्हर म्हणाला, जणू गाडीचा जुना सुटा भाग विचारला होता. "पूर्वी मी गाडी चालू केली की मागून यायचा. इंजिनाच्या वर ऐकू यायचा. आता गाडी चालू केली की लोक घड्याळ बघतात."

साक्षीदार पक्का होता, पण तो संपादक वर्गातला नव्हता. नियम भाऊंचाच होता, बोलणार कोणाला.

हे सगळं भाऊ संध्याकाळी ताईकडे जाऊन सांगत. आई गेली तेव्हा भाऊ पाच वर्षांचे होते आणि ताई चौदाची. पुढे लग्न ठरताना तिने एकच अट घातली होती, की माझ्याबरोबर माझा भाऊ येईल. दाजी, म्हणजे तिचे यजमान, रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी अट ऐकून एवढंच विचारलं होतं, "तो सोल्डरिंगला हात लावणार नाही ना?" आणि हसून होकार दिला होता. भाऊ वाढले ते त्या दोघांच्या जिवावर. नोकरी लागल्यावर दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली, पण पोळी खायला इथेच येत.

ताईने चपलेची गोष्ट ऐकली आणि पोळी तव्यावरून उचलायची विसरली. "लाज नाही वाटत तुला? लोकांच्या घरी माणूस गेलंय आणि हा दाराला कान लावून उभा."

"अगं, अभ्यास आहे तो."

"तुझ्या अभ्यासाला आग लागो. ज्याचं जळतं त्याला कळतं."

दाजी आरामखुर्चीत पडले होते. गेले काही महिने त्यांचं हृदय थकलं होतं आणि दोन वाक्यांच्या मधे त्यांना थांबावं लागे. ते थांबत थांबत म्हणाले, "अरे, कशाला वणवण करतोस. थोडी कळ काढ. माझा नंबर लागला की ही आहेच. घरच्या घरी काम होईल तुझं."

ताईने उलथनं आपटलं. भाऊ हसले. दाजींच्या विनोदावर हसायची त्या घरात पद्धत होती, पण या विनोदावर हसायला नको होतं, हे भाऊंना पुढे फार उशिरा कळलं.

दाजींचा नंबर लागला तो महिन्याच्या आत. इस्पितळाच्या त्या लांबलचक मार्गिकेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ताई, तिचा मुलगा, सून आणि भाऊ बसले होते. काचेचं दार उघडून डॉक्टर आले, तोंडावरची पट्टी खाली केली आणि म्हणाले, आम्ही खूप प्रयत्न केले. मुलाने बसल्या जागी तोंड ओंजळीत लपवलं. ताई उठून उभी राहिली. तिने दाराकडे पाहिलं, छाती भरून श्वास आत घेतला आणि तिचं तोंड उघडलं.

भाऊंना दुःख झालं नव्हतं असं नाही. बापाच्या जागी होता तो माणूस. पण दुःख यायला क्षणभर लागतो आणि सवय आधीपासून दारात उभी असते. ताईने श्वास घेतला त्याच क्षणी भाऊंची मान वाकडी झाली, उजवा कान पुढे आला, डोळे अर्धे मिटले.

ताईने ते पाहिलं.

तिचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग तिने ते हळूहळू मिटलं. आत घेतलेला श्वास बाहेर आलाच नाही, कुठे गेला कोण जाणे. ती परिचारिकेकडे वळून म्हणाली, "त्यांचा चष्मा आत राहिलाय. तेवढा द्या."

त्यानंतर ताई रडली नाही. घरातून नेताना नाही, नेल्यानंतर नाही, भेटायला माणसं आली तेव्हाही नाही. आलेल्यांना चहा विचारी, साखर कमी हवी का विचारी. लोकांचं काय, त्यांना रडलं तर नाटक वाटतं आणि नाही रडलं तर पाप. "धीराची बाई," असं अर्धे म्हणाले. दाजींची चुलत बहीण कपातला चहा संपवून जिन्यात म्हणाली, "धीर कसला. माया असती तर डोळ्यांत टिपूस आलं नसतं का? माझ्या दादाने काय काय केलं हिच्यासाठी. हिच्या भावालासुद्धा पोसलं." भाऊ मागच्या पायरीवर होते. हे वाक्य त्यांना उजव्या कानाने स्वच्छ ऐकू आलं.

कचेरीतला दुपारचा फोन बंद झाला. जेवणाच्या सुटीत सगळे एकदा त्या फोनकडे बघत आणि मग आपापले डबे उघडत. भाऊंना कोणी काही विचारलं नाही. मुद्रितशोधकांनी तर 'मूळव्याध' म्हणणंही सोडून दिलं, आणि ते भाऊंना जास्त लागलं.

एके दुपारी फोन वाजला. भाऊंनी झेप घेतली, पण पलीकडे ताईची सून होती.

"मामा, आईंचं काही खरं नाही. झोपत नाहीत. बाबांचे जुने रेडिओ काढून पुसत बसतात, पुसलेले परत पुसतात. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं म्हणतात. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब असाच राहिला तर अवघड आहे, त्यांना एकदा मोकळं रडू द्या. आता रडू द्या म्हणजे काय करू? अडवलंय कोणी?"

कोणी अडवलंय ते भाऊंना माहीत होतं. फोन ठेवून ते थेट ताईकडे गेले.

आधी त्यांनी आडून आडून प्रयत्न केले. दाजी सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत कसे सोडायचे, ते सांगितलं. पहिल्या पगाराचा रेडिओ त्यांनी पैसे न घेता कसा बांधून दिला, ते सांगितलं. सांगता सांगता स्वतःच रडले. ताईने रेडिओ पुसायचं फडकं बाजूला ठेवलं, पदराने त्यांचं नाक पुसलं आणि परत फडकं उचललं.

"ताई, मी चुकलो," भाऊ म्हणाले.

"कशात?"

"तुला माहीत आहे कशात."

ताईने रेडिओचं बटण पुसलं, उलटं फिरवून पुसलं. "मी रडायला तोंड उघडते ना, की मला तुझा कान दिसतो. तू इथे नसलास तरी दिसतो. न्हाणीघरात दार लावलं तरी दिसतो."

भाऊंनी मान खाली घातली.

"तुला वाढवला मी. तुझा कान फुटला तेव्हा रात्ररात्र तेल सोडलं त्यात. ते काय यासाठी? तिकडे ते चालले होते आणि तू मला ऐकत होतास." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त टोचला. "लोक म्हणतात ही दगड आहे. म्हणू देत. पण मी रडले की तू ते कुठेतरी लिहिणार, आणि मग चार शहाणे बसून ठरवणार की हिचं रडणं कुठून आलं. मला नाही ते जमणार. त्यांच्यासाठी एकदा रडायचं आहे, ते माझं मला रडू दे."

"मी नाही लिहिणार."

"तू आणि नाही लिहिणार?" ताई म्हणाली. तिने त्यांच्याकडे इतक्या खात्रीने पाहिलं की शपथ घ्यायचीसुद्धा भाऊंना लाज वाटली.

भाऊ रात्रभर जागे राहिले असं लिहायची पद्धत आहे, पण ते ढाराढूर झोपले. माणूस ठरवेपर्यंत जागतो, ठरलं की झोपतो. दुसऱ्या दिवशी ते प्रधान संपादकांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "हंबरडा लुप्त टाका. अंबर लिहा. माझी हरकत नाही."

प्रधान संपादकांना हे अपेक्षित नव्हतं. भांडायला सजलेल्या माणसाला भांडण मिळालं नाही की त्याची मोठी पंचाईत होते. त्यांनी भाऊंना बसवलं, चहा मागवला, बिस्किटंही मागवली. "तुमच्या घरी दुःख झालं ते कळलं मला. वाईट झालं," ते म्हणाले, आणि शोक म्हणून जेवढा वेळ गप्प बसायला हवं तेवढा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी काय म्हणतो, तिथेसुद्धा कानावर नाही पडला?"

भाऊंनी बिस्कीट परत बशीत ठेवलं. "नाही."

"बघा. लुप्तच आहे शब्द. पान आज संध्याकाळी यंत्रावर चढेल. त्याआधी मी तुम्हाला एकदा फोन करीन. तोवर कुठे ऐकलात तर सांगा, मी स्वतः खोडून गाय लिहीन. माझ्यावर ठपका नको." जिंकलेल्या माणसाला उदारपणा फार स्वस्तात पडतो.

संध्याकाळी भाऊ ताईच्या दारात उभे राहिले. चार मजले चढून आल्यामुळे धाप लागली होती. घरात ती एकटीच होती, मुलगा कामावर आणि सून बाजारात गेली होती.

"त्या शब्दाचं काम संपलं," भाऊ दारातूनच म्हणाले. "तो आता कोणी ऐकत नाही, असं लिहिलंय. आणि अंबरातून आला असं लिहिलंय."

ताईच्या कपाळाला आठी पडली. "अंबरातून कसा? तो गायीचा ना? लहानपणापासून तेच सांगून डोकं खाल्लंयस."

"होता गायीचा. आता नाही."

"छापलं?"

"छापतायत. मी होकार दिला."

ताईने भाऊंकडे पाहिलं, त्यांच्या तोंडाकडे आणि मग त्यांच्या कानाकडे. हा मुलगा खोटं बोलतोय का, हे तिला नेहमी तसंच कळायचं. बोलत नव्हता.

"उद्या तुला कुठे ऐकू आला तर?" तिने विचारलं.

"आला तर येईल. माझं काम नाही ते आता."

ती उंबऱ्यापर्यंत आली. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं, ते तिने लावलं. "जा तू," ती म्हणाली. "सून यायच्या आत जा. थांबू नकोस जिन्यात."

दार लागलं. कडी लागली.

भाऊ एक मजला उतरले. दुसरा उतरत असताना वर ते सुरू झालं.

आधी भाऊंना वाटलं, काहीतरी जड ओढत नेतंय कोणी. मग तो आवाज पोटातून वर चढला, छातीत अडला, तिथून फुटला, आणि जिन्याचा कठडा हाताखाली थरथरल्याचा त्यांना भास झाला. त्यात शब्द नव्हता. दाजींचं नाव नव्हतं, देवाचं नव्हतं, आईचं नव्हतं. सुरुवातीला खोल 'हं' होता, मग उघडत जाणारा लांब स्वर, आणि टोकाला तो फाटत होता. विशीतल्या लेखात भाऊंनी जे जे लिहिलं होतं ते सगळं, त्याच क्रमाने. दुसऱ्या मजल्यावरचं एक दार किलकिलं झालं आणि परत लागलं. भाऊंचे पाय थांबले आणि मान आपोआप कलायला लागली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. भाऊंनी तो काढून उजव्या कानावर घट्ट दाबला, इतका की कान दुखला, आणि भराभर उरलेल्या पायऱ्या उतरू लागले.

"भाऊ, पान चढतंय यंत्रावर," प्रधान संपादक म्हणाले. त्यांच्या मागे छापखान्याची माणसं एकमेकांना हाका मारत होती. "शेवटचं विचारतो. ऐकलात कुठे?"

"नाही."

"नक्की ना? मागाहून म्हणाल, घाई केली."

"नाही म्हणणार."

"उत्तम. म्हणजे अंबर." प्रधान संपादक कागदावर काहीतरी गिरवत असावेत, मधेच थांबले. "एक मिनिट हो. हा मागे कसला आवाज येतोय? कुठे गोठ्याबिठ्याजवळ आहात का? गाय हंबरतेय वाटतं."

भाऊ तळमजल्यावर थांबले. संपादक वर्गातल्या माणसाने, स्वतःच्या कानाने, कोणी न सांगता. एवढं बोलून दाखवलं असतं तरी पुरे होतं. यंत्र अजून सुरू व्हायचं होतं.

"हो," भाऊ म्हणाले. "गायच आहे. तुम्ही छापा."